आयुष्मान कार्ड निघालं, पण दवाखाना यादीत आहे का?

गावोगावी आयुष्मान कार्डाची शिबिरं झाली. आशाताईंनी घरोघरी फिरून माणसं गोळा केली, सेवा केंद्रांवर रांगा लागल्या. कार्ड लॅमिनेशन होऊन कपाटात गेलं आणि काम झालं असं सगळ्यांना वाटलं. खरी परीक्षा पेशंट अ‍ॅडमिट करताना होते. "ही योजना आमच्याकडे नाही" हे काउंटरवर ऐकलं की मग सावकार नाहीतर गोठ्यातली म्हैस आठवते.

योजना काय आहे?

केंद्राची आयुष्मान भारत योजना सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. तिची यादी २०११ च्या सर्वेक्षणावर आधारलेली असल्याने अनेक गरजू बाहेर राहिले. राज्याची महात्मा फुले जन आरोग्य योजना आधी मुख्यतः पिवळ्या-केशरी रेशनकार्डांसाठी आणि बहुतेक उपचारांना दीड लाखांपर्यंत होती. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती पांढऱ्या कार्डवाल्यांनाही लागू झाली आणि मर्यादा ५ लाख झाली.

हे ५ लाख माणशी नाहीत, अख्ख्या कुटुंबाला वर्षाला आहेत. कार्ड मात्र प्रत्येकाचं वेगळं निघतं. आधीपासूनचा आजार असला तरी अडचण नाही. पण ओपीडीचा खर्च, साध्या ताप-खोकल्याच्या गोळ्या यात बसत नाहीत. योजना अ‍ॅडमिट होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे.

गाडी कुठे अडते?

पहिली अडचण नावाची. आधारवर एक स्पेलिंग, रेशनकार्डावर दुसरं. नवीन सुनेचं नाव अजून माहेरच्या कार्डात, लहान लेकराचं नाव कुठेच नाही. अशा वेळी केवायसी होत नाही. ही दुरुस्ती तहसीलच्या पुरवठा शाखेत होते आणि तिला दिवस लागतात. पेशंट आयसीयूत असताना हे धावपळीचं काम कोण करणार?

म्हाताऱ्या शेतकऱ्यांच्या अंगठ्याचे ठसे उमटत नाहीत, ही नेहमीची तक्रार. त्यावर ओटीपी किंवा चेहरा दाखवून केवायसी करण्याची सोय आयुष्मान अ‍ॅपमध्ये आहे.

दुसरी अडचण मोठी आहे. दवाखाना यादीत असला तरी सगळ्या आजारांसाठी असतोच असं नाही. हाडांसाठी मान्यता असलेल्या ठिकाणी हृदयाचं ऑपरेशन योजनेत होईलच असं नाही. काही उपचार तर फक्त सरकारी दवाखान्यांसाठी राखीव आहेत. पॅकेजचे दर कमी, बिलं उशिरा मिळतात, ही खासगी दवाखान्यांची तक्रार जुनीच. त्यामुळे तालुक्याला यादीतले दवाखाने मोजकेच असतात आणि पेशंटला जिल्हा गाठावा लागतो. कार्ड वाटून ही दरी बुजत नाही, हे शासनानेही मान्य करायला हवं.

आज करण्यासारखं काय?

- घरातल्या प्रत्येकाचं नाव रेशनकार्डात ऑनलाइन दिसतं का, आधारशी जुळतं का, ते बघून घ्या.
- ७० वर्षं पूर्ण झालेल्यांचं वय वंदना कार्ड वेगळं काढा. ऑक्टोबर २०२४ पासून त्यांना उत्पन्नाची अट नाही. कुटुंब आधीच आयुष्मान योजनेत असलं तरी म्हाताऱ्यांसाठी ५ लाख वेगळे मिळतात.
- जवळचे यादीतले दवाखाने, आणि ते कोणत्या आजारासाठी आहेत, हे १४५५५ किंवा १५५३८८ वर विचारून लिहून ठेवा.
- दवाखान्यात गेल्यावर पैसे भरण्याआधी आरोग्यमित्राला भेटा. मंजुरी त्याच्यामार्फत जाते. तातडीच्या वेळी फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात, कागद नंतर देता येतात.
- योजनेत मंजूर झालेल्या उपचारासाठी कुणी वरचे पैसे मागितले तर पावती मागा आणि याच नंबरवर तक्रार करा.

ग्रामसभेत रस्ता-गटारीवर तासभर चर्चा होते. येत्या सभेत दहा मिनिटं या यादीला दिली, आणि ती पंचायतीच्या भिंतीवर लावून घेतली, तर रात्री-अपरात्री गाडी कुठल्या दवाखान्याकडे वळवायची हे तरी गावाला माहीत असेल.