पूल नंतर, आधी भिंत बघा!

तिवस्याहून अमरावतीला कॉलेजला जाता ना? मग वाटेत उड्डाणपूल लागला की त्याच्या दोन्ही टोकांकडे बघा. तिथे मातीचा भराव धरून उभी असते ती रिटेनिंग वॉल. शहरं नव्यानं बांधली जाताना चर्चा पुलाची होते. पोचमार्ग आणि ही भिंत मात्र कुणाच्या खिजगणतीत नसते.

टोकं जुळली नाहीत तर काय होतं, ते मुंबईत दिसलं. अंधेरीच्या गोखले पुलाची एक बाजू फेब्रुवारी २०२४ मध्ये खुली झाली, तेव्हा शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल बराच खाली राहिला होता. शेवटी तो जॅकनं उचलून जुळवावा लागला.

आता आपलं गणित करू. पूल ६ मीटर उंच आणि चढ १:३० धरला, तर एका बाजूचा पोचमार्ग १८० मीटर. म्हणजे दोन्हीकडे मिळून ३६० मीटर! हा सगळा भराव असेल तर गावाच्या मधोमध तेवढी लांब भिंत उभी राहते. अलीकडच्या शाळेतून पलीकडच्या घरी जाणाऱ्या पोरांनी काय करायचं? भराव स्वस्त पडतो, मान्य. पण वस्तीतला काही भाग खांबांवर घेतला, तर खालून वाट मोकळी राहते.

दुसरा मुद्दा पाण्याचा. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. भिंतीमागे ती चालत नाही. तिथे पाणी झिरपू देणारा चांगला मुरूम हवा, थराथरानं दाबलेला. भिंतीमागे पाणी तुंबलं, तर तिच्यावरचा दाब कोरड्या भरावाच्या दुपटीहून जास्त होऊ शकतो. म्हणून तर भिंतीला बारीक छिद्रं ठेवतात. ती पोस्टर चिकटवून किंवा टपरी लावून बुजवणारे आपणच असतो!

सिव्हिलला असा की आर्ट्सला, तुमच्या गावात पूल मंजूर झाला की नकाशा मागा. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हातात आहे. तीनच प्रश्न विचारा: भिंत किती लांब? पायी माणसाला वाट कुठे? पावसाचं पाणी कुठून निघणार? नारळ फुटल्यावर नाही, त्याआधी विचारा. काँक्रीट ओतल्यावर भिंत कुणाचं ऐकत नाही.