काशी आणि दक्षिणकाशी

काशीयात्रेस जाणारा मराठी माणूस बहुधा दशाश्वमेध आणि मणिकर्णिका पाहून परततो. आणखी थोडे उत्तरेस चालण्याचे कष्ट घेतले तर शिंदे घाट लागतो आणि त्याच्या शेजारी संकठा घाट. पायऱ्या चढून वर गेले की संकटादेवीचे देऊळ. पुढे काही पावलांवर नागपूरकर भोसल्यांचा घाट. शिंदे आणि भोसले अशा दोन नामांकित मराठी घराण्यांच्या मधोमध ही संकटनिवारिणी बसलेली आहे.

या देवीपुढे पदर पसरणाऱ्या माता काय मागत असतील, याचा विचार तेथे सहजच मनात येतो. कोणाच्या मुलाची परीक्षा, कोणाची नोकरी, कोणाच्या लेकीचे लग्न, कोणाच्या घरातले दुखणे. आपल्या मुलाने खेळात नाव काढावे म्हणून नवस बोलणारी आई मात्र मी आजवर पाहिली नाही. आपल्या घरी मूल खेळून उशिरा आले तर त्याचे स्वागत कोणत्या शब्दांनी होते, हे आपणांस मी सांगावयास नको.

आणि तरीही याच नगरीने ऑलिंपिकला खेळाडू दिले आहेत. १९८० साली मॉस्को येथे हॉकीच्या अंतिम सामन्यात भारताने स्पेनवर ४-३ अशी मात केली, त्यातला चौथा गोल काशीच्या मोहम्मद शाहिदचा. पुढे एकेचाळीस वर्षे हॉकीत आपल्याला पदकच मिळाले नाही. ते टोकियोत २०२१ साली मिळाले, तेव्हा संघात वाराणसीजवळच्या भगतपूर गावचा ललित उपाध्याय होता. वडिलांचे कापडाचे लहानसे दुकान आणि सराव उदय प्रताप कॉलेजच्या मैदानावर, अशी त्याची घडण. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येही तो होता आणि तेथेही संघाने कांस्यपदक आणले.

पॅरिसला गेलेल्या आपल्या ११७ जणांच्या पथकात काशीचा हा खेळाडू होता, तसाच दक्षिणकाशीचाही एक होता. करवीरास, म्हणजे कोल्हापुरास, आपण दक्षिणकाशी म्हणतो हे वाचकांस ठाऊकच आहे. त्या जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पन्नास मीटर रायफलच्या त्रिस्थिती नेमबाजीत कांस्यपदक मिळविले. हॉकीची काठी एकदा घेतली की काही काळ तरी पुरते. बंदुकीची गोळी सुटली की संपली. वडील शिक्षक. मुलाच्या गोळ्यांसाठी त्यांनी कर्ज काढल्याचे त्या वेळी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले होते. स्वप्निलच्या आधी महाराष्ट्राला ऑलिंपिकमधले वैयक्तिक पदक मिळाले होते ते बहात्तर वर्षांपूर्वी, आणि त्याची कथाही पुन्हा कर्जाचीच आहे.

ती कथा खाशाबा जाधवांची. कराडजवळच्या गोळेश्वर गावी १५ जानेवारी १९२६ रोजी त्यांचा जन्म झाला. घराणे पैलवानांचे. कराडच्या टिळक हायस्कुलात शिकून ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले. १९४८ साली लंडनला जाण्याचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. तेथे अडचण वेगळीच निघाली. आपली कुस्ती तांबड्या मातीतली, पाठ टेकवून निकाल लावणारी. तेथे गादी, मिनिटांचा हिशेब आणि गुण. तरीही सर्वांत हलक्या वजनगटात ते सहावे आले. मातीवरच्या मल्लाने गादीवर पहिल्याच खेपेस सहावे यावे, ही गोष्ट मला पदकाइतकीच मोलाची वाटते. परंतु सहाव्याची मिरवणूक कोण काढतो?

चार वर्षांनी हेलसिंकीचे ऑलिंपिक आले. आता निवडीपासूनच झगडा. आपल्यावर अन्याय झाला अशी दाद त्यांना पतियाळाच्या महाराजांकडे मागावी लागली. निवड झाली, तर प्रवासाला पैसे नाहीत. गावकऱ्यांनी वर्गणी केली. तरीही तूट राहिली. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. १९५२ सालचे सात हजार रुपये! मुलगा स्वतःचा नव्हे, नात्यागोत्यातला नव्हे, कॉलेजातला विद्यार्थी. परत येताना तो काही आणील याची हमी कोणीच देऊ शकत नव्हते. गहाणखतावर सही करून प्राचार्य घरी आले असतील, तेव्हा त्या घरात काय बोलणे झाले असेल? ते कोणी लिहून ठेवलेले नाही.

हेलसिंकीच्या पथकात आणखीही काही नवे होते. स्वतंत्र भारताच्या ऑलिंपिक पथकात प्रथमच भगिनी गेल्या होत्या : धावपटू निलिमा घोष आणि मेरी डिसूझा, जलतरणपटू डॉली नाझीर आणि आरती साहा. त्यातली आरती तर अवघी अकरा वर्षांची. हॉकीच्या संघाने शिरस्त्याप्रमाणे सुवर्णपदक आणले. कोल्हापूरचेच केशव माणगावे यांचे कुस्तीतले पदक थोडक्यात हुकले. ते चौथे आले.

खाशाबांनी सत्तावन्न किलो गटात कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना नमविले. जपानच्या इशीइशी झालेली दीर्घ झुंज ते हरले आणि ती संपते न संपते तोच रशियाच्या मल्लाशी लढण्यासाठी त्यांना पुकारण्यात आले. दोन कुस्त्यांत विश्रांतीचा नियम होता. पण तो दाखवून भांडायला भारताचा एकही अधिकारी त्या वेळी तेथे हजर नव्हता, असे सांगतात. थकलेल्या अंगाने ते उतरले आणि हरले. २३ जुलै १९५२ रोजी कांस्यपदक हाती आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे यावयास १९९६ साल उजाडले. पथक पाठविणे म्हणजे केवळ तिकिटे काढून देणे नव्हे, एवढे त्या एका दुपारीवरून दिसते.

कराड स्थानकापासून गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी घटकाभराची वाट, तिला सात तास लागले म्हणतात. पुढे १९५५ साली खाशाबा पोलिसांत फौजदार झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी.

पण मिरवणूक ओसरल्यावर त्यांनी जे पहिले केले ते सांगावयाचे राहिलेच. त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरविली, स्वतः त्यात लढले, आणि जमलेल्या पैशांतून खर्डेकरांचे घर सोडवून दिले.