विश्लेषण : कर्नलसाठी कोणता कंपायलर? चुकीच्या निवडीने डेटा कसा बिघडतो?

अँड्रॉइड फोन, स्मार्ट टीव्ही आणि घरोघरच्या अनेक वाय-फाय राउटरच्या मुळाशी लिनक्स कर्नल असतो. जुलै २०२५मध्ये आलेल्या लिनक्स ६.१६ने कर्नल तयार करण्यासाठी लागणाऱ्या जीसीसी या कंपायलरची किमान आवृत्ती ५.१वरून ८.१वर नेली. बातमी किरकोळ वाटते. पण आधीची ५.१ची मर्यादा ज्या चुकीमुळे आली, तिने फाइल सिस्टीमचा डेटा बिघडवला होता आणि दोष कर्नलच्या कोडमध्ये नव्हताच.

क्रॉस-कंपायलिंग कशासाठी?

कंपायलर सी भाषेतला कोड प्रोसेसरला कळणाऱ्या सूचनांमध्ये बदलतो. राउटरसारख्या उपकरणात हे काम करण्याइतकी ताकद नसते. नव्या चिपवर तर अजून ऑपरेटिंग सिस्टीमच नसते. त्यामुळे इंटेलच्या लॅपटॉपवर बसून एआरएम चिपसाठी कर्नल तयार केला जातो. त्यासाठी कोणता प्रोसेसर आणि कोणता कंपायलर, हे आधी सांगावे लागते. प्रोसेसर सांगितला, पण कंपायलर सांगायला विसरले तर लॅपटॉपचाच कंपायलर वापरला जातो आणि काम लगेच त्रुटी देऊन थांबते. ही चूक परवडणारी. काम सुरळीत पार पडते आणि कर्नल सुरूही होतो, तेव्हा खरी भीती असते.

२०२१मध्ये काय घडले?

एआरएम लिनक्सचे जुने डेव्हलपर रसेल किंग यांच्या ६४-बिट एआरएम यंत्रावर ईएक्सटी४ फाइल सिस्टीम अधूनमधून चेकसम जुळत नसल्याचे सांगत होती. अशा वेळी संशय साहजिकच डिस्क किंवा मेमरीवर जातो. मूळ निघाले जीसीसी ४.९मध्ये.

प्रत्येक फंक्शन आपली तात्पुरती माहिती स्टॅक नावाच्या जागेत ठेवते आणि काम संपले की ‘स्टॅक पॉइंटर’ ही खूण सरकवून जागा मोकळी करते. हा कंपायलर काही वेळा खूण आधी सरकवायचा आणि माहिती नंतर वाचायचा. मधल्या क्षणी इंटरप्ट आला, तर तो त्याच स्टॅकवर, नुकत्याच मोकळ्या झालेल्या जागेत लिहितो. मग वाचली जाते ती भलतीच माहिती. मधला वेळ इतका अत्यल्प, की बिघाड क्वचितच दिसे आणि हवा तेव्हा पुन्हा घडवताही येत नसे. दुरुस्ती जीसीसी ५.१मध्ये, म्हणजे २०१५मध्येच आली होती! जानेवारी २०२१मध्ये ६४-बिट एआरएमसाठी ५.१ची अट आली आणि त्याच वर्षी ती सगळ्याच प्रोसेसरना लागू झाली. ‘जुना म्हणजे भरवशाचा’ हा हिशेब इथे उलटा पडला.

मग क्लँग का नको?

कर्नलचा कोड वर्षानुवर्षे जीसीसीच्या खास सवलतींवर बेतलेला होता. त्यातल्या एका महत्त्वाच्या सोयीची भर क्लँगमध्ये २०१९च्या नवव्या आवृत्तीत पडली. गूगलने मात्र त्याआधीच, २०१७च्या पिक्सेल २ फोनमध्ये क्लँगने तयार केलेला कर्नल दिला होता. जीसीसीचा प्रत्येक प्रोसेसरसाठी वेगळा संच लागतो, तर क्लँगचा एकच संच अनेकांना पुरतो. क्रॉस-कंपायलिंग करणाऱ्यांसाठी ही मोठी सोय आहे. अल्फासारख्या जुन्या प्रोसेसरसाठी मात्र जीसीसीच लागतो.

भारतात हा प्रश्न रिस्क-फाइव्हमुळे येतो. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचे वेगा प्रोसेसर आणि आयआयटी मद्रासचे शक्ती याच रचनेवर आधारित आहेत. जीसीसीमध्ये रिस्क-फाइव्हचा समावेश २०१७च्या सातव्या आवृत्तीत झाला. त्यातही एक खोच आहे. कंपायलरला एखादी नवी सूचना कळत नसेल, तर कर्नलच्या मेन्यूत तिच्यावर अवलंबून असलेला पर्याय दिसतच नाही. कर्नल तयार होतो, पण चिपची ती क्षमता वापराविना राहते. म्हणून दोन यंत्रांवर एकाच कोडमधून वेगळे कर्नल निघू शकतात.

आपला कर्नल कोणत्या कंपायलरने तयार झाला, हे लिनक्सवर ‘प्रोक’ फोल्डरमधल्या ‘व्हर्जन’ फाइलमध्ये लिहिलेले असते. ६४-बिट एआरएमवर तिथे जीसीसी ४.९ दिसला, तर डिस्क बदलण्याआधी कर्नल देणाऱ्याला विचारावे, की ५.१मधली ती दुरुस्ती त्यांच्या जुन्या कंपायलरमध्ये घातली होती का.