पेशी वाढल्या, पण कशानं?

पावसाळा सरत आला की आमच्या जयसिंगपुरात पपईच्या झाडांचे हाल सुरू होतात. एका गल्लीत डेंग्यूचा पेशंट निघाला की शेजारच्या चार परसांतली पपई बोडकी. माझी इथं रक्त तपासायची लॅब आहे. ‘‘दादा, पेशी किती आल्या?’’ हा प्रश्न रिपोर्टच्या आधी दारात उभा असतो. आकडा वाढलेला दिसला की पुढचं वाक्यही ठरलेलं, ‘‘बघा, पानाचा रस लागू पडला!’’

पपईच्या पानात काहीच नाही, असं मी म्हणणार नाही. मलेशियातला एक अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. 228 रुग्णांपैकी निम्म्यांना तीन दिवस हा रस दिला होता, आणि त्यांच्या प्लेटलेट्स, म्हणजे याच ‘पेशी’, जास्त वेगानं चढल्या. मात्र आकडा चढणं वेगळं आणि पेशंटचा धोका टळणं वेगळं. रसामुळं रक्तस्राव थांबतो किंवा जीव वाचतो, हे अजून ठामपणे सिद्ध झालेलं नाही.

मुळात डेंग्यूत तापाच्या तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून प्लेटलेट्स घसरतात आणि सात-आठ दिवसांनी बहुतेकांच्या आपोआप सावरतात. पेशी घसरल्याचं कळल्यावरच घरात पपईची पानं येतात, म्हणजे उताराच्या ऐन तोंडावर. मग श्रेय रस घेऊन जातो.

त्यात आमच्या मशीनचीही एक गंमत आहे. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असतं. क्वचित एखाद्याच्या प्लेटलेट्स त्यातच एकमेकींना चिकटतात. मशीन त्या गठ्ठ्याला प्लेटलेट मानत नाही आणि 40 हजार छापून मोकळं होतं. काचेवर थेंब ओढून, रंग चढवून मायक्रोस्कोपखाली धरलं की कडेला गठ्ठे दिसतात. सायट्रेटच्या निळ्या ट्यूबमध्ये पुन्हा रक्त घेतलं की तोच माणूस लाखाच्या वर! मधल्या दोन तासांत त्यानं रस घेतला असता, तर आख्ख्या गल्लीत डंका पिटला गेला असता.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. हा रस कडूजहर. तापानं आधीच अन्नावरची वासना गेलेल्या पोराला नाक दाबून पाजला की ते ओकतं. डेंग्यूत सारखी उलटी होणं ही धोक्याची खूण. आता ती आजाराची की रसाची, हे डॉक्टरनं ओळखायचं कसं? शिवाय पोटात राहायला हवं ते पाणीही बाहेर गेलं.

धोका खरा कुठं असतो, तर ताप उतरतो तिथं. घरच्यांना वाटतं, सुटलो. नेमक्या त्याच एक-दोन दिवसांत काही पेशंटच्या रक्तवाहिन्यांतून पातळ द्रव झिरपायला लागतो, रक्त घट्ट होतं, बीपी पडतं. पोटात जोराची कळ, हातपाय गार पडणं, हिरड्यांतून रक्त, सुस्ती, लघवी कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर पपई शोधत हिंडू नका, थेट दवाखाना गाठा. अंगदुखीला ब्रुफेन किंवा ॲस्पिरिन मनानं देऊ नका, त्यानं रक्तस्राव वाढू शकतो. कुठं रक्त जात नसेल तर नुसत्या घसरलेल्या आकड्यासाठी प्लेटलेटच्या पिशव्या चढवायचीही सहसा गरज नसते, तरी ‘‘पिशवी लावा’’ म्हणून डॉक्टरांच्या मागं लागणारे नातेवाईक मी दर हंगामात बघतो.

आणि ज्या परसातली पपई ओरबाडली जाते, तिथल्याच बॅरलमध्ये आठ-आठ दिवसांचं पाणी उघडं असतं. डेंग्यूचा डास त्यातच वाढतो. आठवड्यातून एकदा ते बॅरल घासून कोरडं करायला पाव तास पुरतो.

रस द्यायचाच असेल तर डॉक्टरांच्या कानावर घालून द्या, उलटी झाली की बंद करा. आणि रिपोर्ट हातात आला की प्लेटलेट्सबरोबर हिमॅटोक्रिटचा आकडाही डॉक्टरांना विचारा. रक्त किती घट्ट झालंय ते तो सांगतो, आणि तो त्याच कागदावर छापलेला असतो.