बास्केटबॉलची पात्रता आणि चकलांब्याचा विद्यार्थी

बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात चकलांबा हे गाव आहे. तेथील एखाद्या विद्यार्थ्याने अखिल भारतीय आंतरविद्यापीठ बास्केटबॉल स्पर्धेत खेळण्याची इच्छा धरली, तर नियमांनी त्याला कोठेही अडविलेले नाही. वयाची सतरा वर्षे पूर्ण झालेली असावीत, पंचविशी उलटलेली नसावी आणि बारावी उत्तीर्ण होऊन तो एखाद्या महाविद्यालयात नियमित, पूर्णवेळ शिकत असावा, एवढ्या अटी पुऱ्या केल्या की तो कागदोपत्री पात्र ठरतो. पुण्यामुंबईच्या विद्यार्थ्यालाही याच अटी लागू आहेत. नियमांतील ही समता कोणालाही आवडावी अशीच आहे. परंतु ज्या पायऱ्या चढून संघ अजिंक्यपदाच्या स्पर्धेपर्यंत पोहोचतात, त्या पायऱ्यांकडे पाहिले की ही समता पहिल्याच पायरीवर संपते, असे दिसून येते.

पायऱ्या अशा आहेत. प्रथम महाविद्यालयाचा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरतो. विद्यापीठाचा पसारा मोठा असेल तर तत्पूर्वी विभागवार स्पर्धा होतात. पुणे विद्यापीठात पुणे शहर, पुणे ग्रामीण, अहिल्यानगर आणि नाशिक अशी विभागणी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे, १९९४ मध्ये नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाल्यापासून, छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे चार जिल्हे आहेत. आंतरमहाविद्यालयीन सामने आणि निवड चाचणी यांतून विद्यापीठाचा संघ तयार होतो आणि तो पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेस जातो. देशातील पूर्व, पश्चिम, उत्तर व दक्षिण या चार विभागांतील पहिले चार चार संघ अखिल भारतीय स्पर्धेत खेळतात. तेथे पहिल्या आठांत जो येईल, त्याला २०२० पासून भरत असलेल्या 'खेलो इंडिया' विद्यापीठ स्पर्धेचे दार उघडते.

या रचनेत एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. महाविद्यालयाचा संघ म्हणून जो संघ असतो, त्याचे आयुष्य आंतरमहाविद्यालयीन अंतिम सामन्याबरोबर संपते. जिंकणारे महाविद्यालय पुढे जात नाही. पुढे जातात ते निवडलेले बारा खेळाडू. म्हणजे एखाद्या तालुक्याच्या महाविद्यालयाने चमत्कार घडवून अजिंक्यपद पटकावले, तरी त्यातील दोघे-तिघे विद्यापीठाच्या संघात जातील आणि उरलेले ढाल घेऊन घरी परततील. बास्केटबॉल हा पाच जणांनी एकमेकांच्या सवयी ओळखून खेळावयाचा खेळ आहे. तो पात्र ठरवताना संघ मोडूनच पात्रता ठरावी, यात थोडी विसंगती आहे खरी. तथापि शेकडो संलग्न महाविद्यालये असलेल्या विद्यापीठांच्या देशात तिला सोपा पर्यायही नाही.

खरा प्रश्न खालच्या पायरीचा आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा सामान्यतः बाद पद्धतीने होतात. सोळा संघ आले तर बाद पद्धतीत पंधरा सामन्यांत निकाल लागतो. दोन-तीन दिवसांत मैदान मोकळे होते आणि यजमान महाविद्यालयाचा खर्च आटोक्यात राहतो. पण या काटकसरीची किंमत कोण मोजतो? सोळांपैकी आठ संघ एक सामना खेळून परत जातात. गेवराईच्या संघातील मुलांनी पहाटे गाव सोडावे, एस.टी.ने तालुका गाठावा, तेथून सोलापूर-धुळे महामार्गाने संभाजीनगरला जावे, चाळीस मिनिटांचा खेळ खेळावा आणि रात्री परतावे, एवढेच त्या वर्षीचे त्यांचे 'विद्यापीठ पातळीवरील' बास्केटबॉल. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर आयोजकाने आपला खर्च वाचविला आणि तो प्रवास करणाऱ्यावर ढकलला. शहरातील संघाला पहिल्या फेरीत हरण्याची किंमत रिक्षाभाड्याएवढी पडते; चकलांब्याच्या मुलाला ती एका दिवसाच्या मजुरीएवढी आणि कधी कधी त्याहून अधिक पडते. असा व्यवहार दोनदा केल्यावर शहाणा माणूस तो तिसऱ्यांदा करीत नाही. मग पुढल्या वर्षी महाविद्यालय संघच पाठवीत नाही, आणि 'ग्रामीण भागात या खेळाची आवड नाही' असा शेरा मारावयास जो तो मोकळा होतो.

एका सामन्यावरून गुणवत्ता कळते असे मानणे हेही शास्त्राला धरून नाही. बाद पद्धतीत उत्तम संघाची परीक्षा होते, कारण तो खेळतच राहतो; मध्यम संघाची परीक्षा होतच नाही. निवड समितीलाही त्या संघातला एखादा उंच, चपळ मुलगा पुरती दहा मिनिटे दिसतो. तोही बहुधा मातीच्या मैदानावर शिकलेला असतो आणि गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय प्रथमच पडत असतात. अठ्ठावीस मीटर लांब आणि पंधरा मीटर रुंद अशी सपाट, टणक जमीन ही या खेळाची पहिली गरज आहे. कबड्डीला वा खो-खोला माती चालते; चेंडू उसळवण्यासाठी ती चालत नाही.

त्यात भर पडते ती दिनदर्शिकेची. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी मोठे स्थलांतर होते. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, ज्यांचा हिशेब 'कोयता' या एका शब्दात होतो, पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे जातात आणि मार्च-एप्रिलच्या सुमारास परततात. घरी म्हातारी माणसे, धाकटी भावंडे आणि जनावरे उरतात, व त्यांचा भार जाणत्या मुलामुलींवर पडतो. महाविद्यालयीन क्रीडास्पर्धांचा भर नेमका याच महिन्यांत असतो. ज्या मुलाने संध्याकाळी जनावरांना वैरण टाकायची आहे, त्याला दुपारच्या सामन्यासाठी शंभर किलोमीटर दूर बोलावणारे वेळापत्रक कोणी दुष्टबुद्धीने आखलेले नाही. ते आखणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे हा मुलगा नव्हता, इतकेच. मुलींच्या बाबतीत अडचण आणखी वाढते. मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट पडते हे चांगलेच झाले. परंतु अंधार पडण्यापूर्वी घरी पोहोचवणारी गाडी सवलतीने मिळत नाही.

अमेरिकेत महाविद्यालयीन बास्केटबॉलचे अजिंक्यपद हा राष्ट्रीय उत्सव असतो. १९३९ मध्ये आठ संघांनिशी सुरू झालेल्या त्या स्पर्धेत २०११ पासून अडुसष्ट संघ खेळू लागले. २०२५ मध्ये त्यांपैकी एकतीस संघ आपापल्या प्रादेशिक गटांचे विजेते म्हणून आपोआप आले आणि सदतीस संघ निवड समितीने वर्षभराची कामगिरी पाहून घेतले. तेथेही गटविजेता ठरविण्यासाठी शेवटी बादफेरी असते. परंतु त्या फेरीपूर्वी प्रत्येक संघ कधी आपल्या मैदानावर, कधी दुसऱ्याच्या, असे पंचवीस-तीस सामने खेळलेला असतो. २०२३ मध्ये न्यू जर्सीच्या फेअरली डिकिन्सन विद्यापीठाने बलाढ्य पर्ड्यू विद्यापीठाचा ६३-५८ असा पराभव केला. गंमत अशी की फेअरली डिकिन्सनने आपल्या गटाचे विजेतेपदही मिळविलेले नव्हते. विजेता मेरीमॅक संघ खालच्या श्रेणीतून नुकताच वर आला असल्यामुळे नियमाने अपात्र होता, म्हणून यांना जागा मिळाली. पात्रतेच्या नियमातील एका कलमाने आत आलेला, अंगाने सर्वांत बुटका गणला गेलेला संघ इतिहास घडवून गेला. अमेरिकेचा पैसा आपल्याकडे नाही आणि त्या खेळाचा तेथे झालेला बाजार आपल्याला नकोही. घ्यायचे ते एवढेच की अंतिम निवडीआधी प्रत्येकाला पुरेसे खेळू द्यावे.

आपल्याकडे उलट दिशेने वाटचाल चालली आहे. २०२० मध्ये भुवनेश्वरला झालेल्या पहिल्या 'खेलो इंडिया' विद्यापीठ स्पर्धेत पंजाब विद्यापीठ पहिले आणि पुणे विद्यापीठ दुसरे आले; दोन्ही संलग्न महाविद्यालयांची जुनी विद्यापीठे. २०२२ मध्ये बेंगळुरूचे जैन विद्यापीठ आणि २०२४ मध्ये खाजगी चंडीगड विद्यापीठ सर्वप्रथम ठरले. एका आवारात वसतिगृह, मैदान, प्रशिक्षक आणि शिष्यवृत्ती देऊ शकणाऱ्या संस्थांशी चार जिल्ह्यांत विखुरलेल्या महाविद्यालयांच्या विद्यापीठाने स्पर्धा करायची, तर त्याच्याकडे भांडवल एकच आहे: मुलांची संख्या. ती संख्या पहिल्या फेरीतच गाळून टाकणे हा या भांडवलाचा अपव्यय होय. महाराष्ट्रात शासकीय सेवेतील पाच टक्के जागा खेळाडूंसाठी राखीव असतात आणि त्यांची वाट स्पर्धांच्या प्रमाणपत्रांतून जाते, हे लक्षात घेतले म्हणजे हा केवळ हौसेचा प्रश्न राहत नाही.

उपाय खर्चिक नाही. जिल्हावार साखळी सामने घ्यावेत. चार चार संघांचे गट केले तर सोळा संघांचे चोवीस सामने होतात आणि प्रत्येकाला किमान तीन सामने मिळतात. ते बीड, गेवराई, माजलगाव, अंबाजोगाई अशा जवळच्या ठिकाणी रविवारी खेळविता येतील. गटविजेत्यांनीच काय ती विद्यापीठाच्या गावी बादफेरी खेळावी. निवड समितीचा एक सदस्य प्रत्येक गटाच्या सामन्यांना हजर असावा आणि हरलेल्या संघातील खेळाडूचे नावही त्याने टिपावे. पंचांचे मानधन वाढेल, हा आक्षेप खरा आहे. परंतु प्रवेशाच्या वेळी प्रत्येक विद्यार्थी क्रीडाशुल्क भरतो आणि गेवराईचा विद्यार्थी ते भरताना अंतराची सूट मागत नाही. पावसाळ्यात मैदान भिजेल, हा दुसरा आक्षेप. त्यावर मराठवाड्यातील शेतकऱ्याने काय उत्तर द्यावे? ऑगस्टमध्ये चार दिवस सामने थांबले तर पाचव्या दिवशी सिमेंटचे मैदान सुकते. मात्र सामने दसऱ्यापूर्वी संपले पाहिजेत. त्यानंतर चकलांब्याच्या रस्त्याला ट्रक उभे राहू लागतात.