तीन मिनिटंही मिळाली नाहीत

शिवाजी पार्कच्या मैदानाचं पुढे काय करायचं हे ठरवणाऱ्या सर्व मान्यवरांना,



मैदानाच्या धुळीवर आणि पुढच्या नियोजनावर बोलायला तुम्ही बोलावलेल्या बैठकीला मी आले होते. सोबत माझे वडील होते. मागून तिसऱ्या रांगेत, पांढरा शर्ट, हातात काठी. तुमच्यापैकी कुणाला ते आठवतील असं वाटत नाही. बोलायचं असेल त्यांनी चिठ्ठीवर नाव लिहून द्या, प्रत्येकाला तीन मिनिटं, असं सुरुवातीला सांगितलं गेलं. बाबांनी माझ्याकडून नाव लिहून घेतलं आणि स्वतः पुढे जाऊन चिठ्ठी दिली. दोन तास झाले, नाव काही पुकारलं नाही. शेवटी मी उभी राहिले आणि म्हटलं, हे अडतीस वर्षं याच मैदानावर माळी होते, यांना मातीबद्दल बोलायचं आहे. व्यासपीठावरून उत्तर आलं, "आज तज्ज्ञांचं आणि रहिवाशांचं ऐकून घेतोय. बाकीच्यांनी लेखी द्यावं."

मी खाली बसले. बाबा म्हणाले, "जाऊ दे गं, चल. गाडी चुकेल."

त्या दिवसापासून हे 'बाकीचे' माझ्या घशाखाली उतरत नाही. लेखी द्या म्हणालात, म्हणून लिहिते आहे. उघडच लिहिते, कारण बंद पाकीट कुठल्या टेबलावर थांबतं ते मला माहीत आहे.

बाबा रहिवासी नाहीत, हे खरं. आम्ही दिव्याला राहतो. पार्कासमोरच्या इमारतींत आमची खिडकी कधीच नव्हती. पण अडतीस वर्षं पहाटेच्या पहिल्या गाड्यांपैकी एक पकडून हा माणूस दादरला उतरला आणि उजाडायच्या आत मैदानावर पाण्याचा पाइप ओढत होता. वर्षातले जेवढे तास ते त्या मैदानावर असत, तेवढे आमच्या घरात नसत. माझी शाळा त्यांनी किती वेळा पाहिली ते मी बोटांवर मोजू शकते. खेळपट्टीला मात्र एक दिवस खाडा नाही. रविवारी तर नाहीच, कारण रविवारी मॅच.

माळी म्हटलं की लोकांना फुलझाडं आठवतात. क्रिकेटच्या मैदानावरचा माळी म्हणजे विकेट बनवणारा माणूस. माती चाळायची, थर द्यायचा, भिजवायची, अर्धवट सुकू द्यायची, मग रोलर. ओली असताना रोलर फिरवला तर माती रोलरला चिकटून वर येते, फार सुकल्यावर फिरवला तर भेगा पडतात. मधला जो वेळ आहे तो घड्याळात नसतो. बाबा अंगठा दाबून बघत. अंगठा किती रुततो आणि बाहेर काढल्यावर काय दिसतं, एवढ्यावर त्यांचं सगळं चाले. आचरेकर सर स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवायचे ही गोष्ट सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. तो स्टंप ज्या मातीत रोवायचे ती पहाटे कुणी भिजवून ठेवली, हे मात्र आजवर मला कुणी विचारलं नाही. सरांचं स्मारक मैदानाच्या दाराशी उभं राहिलं तेव्हा बाबा मुद्दाम जाऊन बघून आले. हात जोडून आले. त्यांना स्वतःसाठी काही नको होतं, आजही नको आहे. तीन मिनिटं हवी होती.

हे मैदान १९२५ साली लोकांसाठी खुलं झालं. तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क. नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांनी आग्रह धरला आणि १९२७ साली, शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या निमित्तानं, ते शिवाजी पार्क झालं. सुमारे २८ एकर. शंभर वर्षं उलटून गेली. या शंभर वर्षांत इथे काय काय झालं हे तुम्हाला मी सांगायला नको. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा झाल्या. ३० ऑक्टोबर १९६६ला शिवसेनेचा पहिला दसरा मेळावा झाला. बाळासाहेबांना आणि लतादीदींना शेवटचा निरोप इथेच दिला गेला. एका अंगाला समर्थ व्यायाम मंदिरात मुलं मल्लखांबावर चढतात, त्यांत डोळ्यांनी न दिसणारीही असतात. नवरात्रात बंगाली मंडळींची दुर्गापूजा. उद्यान गणेशापाशी मंगळवारची रांग. कट्ट्यावर म्हातारे, जोडपी, अभ्यासाची पोरं. आणि मध्ये, दहा-बारा मॅच एकमेकींत घुसलेल्या, एकाचा कव्हर दुसऱ्याच्या मिडविकेटला उभा. बाहेरचा माणूस बघून गोंधळतो. आतल्यांना आपला चेंडू बरोबर ओळखू येतो.

एवढी सगळी माणसं एकाच मातीवर. म्हणून प्रश्न मातीचा आहे, आणि मातीच्या बैठकीतून मातीवाल्याला तुम्ही परत पाठवलंत.

धुळीचा त्रास खोटा आहे असं मी म्हणत नाही. गेली काही वर्षं मैदानावर जी लाल माती आहे ती दिवाळीनंतर सुटी होते आणि थेट पावसापर्यंत घराघरांत जाते. त्या बैठकीत एक आजी बोलल्या. दिवसातून चारदा फडकं मारते, नातवाचा पंप दोन वर्षांत सुटला नाही, म्हणाल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण तोच पंप आमच्याही घरी आहे. बाबांचा. त्यांच्यासमोर खिडकी नव्हती म्हणून ती धूळ त्यांच्या छातीत गेली नाही असं नाही. ती त्यांनी खिडकीतून बघितली नाही, तिच्यात उभं राहून गिळली. त्या आजी आणि बाबा एकाच बाजूचे आहेत. तुम्ही एकाला रहिवासी म्हटलंत आणि दुसऱ्याला 'बाकीचे'.

बाबा मूळचे सावंतवाडीकडचे. लाल माती त्यांच्या जन्माची ओळखीची. ते म्हणतात, लाल मातीला दोष देऊ नका, तिला धरून ठेवणारं काही खाली नसलं की ती वाऱ्याची होते. चिकण माती असलेला थर भिजवून दाबला की बसतो. वरून सैल माती ओतून पसरली आणि निघून गेलात तर ती कुणाचीच नसते. माती टाकणं हे एका दिवसाचं काम, राखणं रोजचं. पावसाचं पाणी साठवायला विहिरी खणल्या, फवारे आले, बाबांना खरोखर आनंद झाला होता. पण पाणी कुठल्या वेळी, किती, आणि त्यामागून रोलर कोण फिरवणार, हे एका माणसाच्या रोजच्या कामात बसलं नाही तर यंत्र बिचारं काय करील? दुपारी चार वाजता फवारलेलं पाणी पाच वाजता उडून जातं. वरचा पापुद्रा तेवढा तडकतो, आणि तोच पापुद्रा संध्याकाळी पायांखाली पीठ होतो. हे त्यांना त्या दिवशी सांगायचं होतं.

आणखी एक सांगायचं होतं. मांडवाचं.

२०१० साली उच्च न्यायालयानं इथे शांतता क्षेत्र ठरवलं. पुढे खेळाव्यतिरिक्तच्या कामांना वर्षाचे ४५ दिवस मोकळे झाले. दिवस मोजताना कार्यक्रमाचे मोजतात. मैदान मात्र बांबू उतरल्यापासून मोजतं. बांबूसाठी खड्डे खणतात, खड्ड्यांतली मूळची दाबलेली माती बाजूला पडते, मांडव निघाला की त्यात हाताला लागेल ते भरतात. खडी, विटांचे तुकडे, थर्माकोलसुद्धा बाबांनी उकरून काढलेला आहे. ट्रकची चाकं जिथून जातात तिथे घट्ट पट्टा होतो, पाणी मुरत नाही, आणि त्याच्या दोन्ही कडांना माती मोकळी. एका मोठ्या सभेनंतर जमीन पुन्हा खेळण्याजोगी व्हायला बाबांचा हिशेब होता, तीन आठवडे. तेही पाणी आणि माणसं मिळाली तर. हे तीन आठवडे कुठल्याही परवानगीच्या कागदावर नसतात.

सभा नकोत असं बाबांचं कधीच म्हणणं नव्हतं. उलट आमच्या घरात एकदा मीच रागानं म्हटलं होतं, मैदान फक्त खेळाला ठेवा, बाकी सगळं बंद करा. बाबा चिडले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते रात्रीही मैदानावर थांबत. बाबासाहेबांना वंदन करायला चैत्यभूमीवर येणारी माणसं, परभणीची, अकोल्याची, कुठली कुठली, इथे पथारी टाकून झोपत. लेकरं, म्हाताऱ्या, उशाला पुस्तकांच्या पिशव्या. बाबा सांगायचे, एका वर्षी एका बाईनं खेळपट्टीभोवती बांधलेली दोरी पाहून स्वतःच्या माणसांना पलीकडे निजवलं, "कुणाची तरी मेहनत आहे ही," म्हणाली. ते वाक्य बाबांनी इतक्या वेळा सांगितलंय की मला त्या बाईचा आवाज ओळखीचा वाटतो. त्या माणसांना या शहरात दुसरं कुठलं अंगण आहे? वर्षातून एकदा त्यांच्यासाठी जमीन खराब झाली तर ती आपण पुन्हा करायची, यात बाबांना जड काही वाटलं नाही. त्यांना जड वाटायचं ते न विचारता उभं राहणारं आणि मागे खड्डे ठेवून जाणारं.

आता मला भीती वाटते ती हिरवळीची. बैठकीत कुणीतरी सुचवलं, सगळीकडे लॉन लावू, धूळच राहणार नाही. टाळ्या पडल्या. गवत पार्कात आपणहून येतं, जूनमध्ये येतं, कांगा लीगच्या दिवसांत पोरं त्याच ओल्या गवतात धडपडत खेळतात. पण जानेवारीपर्यंत इतक्या पायांखाली ते टिकत नाही. टिकवायचं तर पाय थांबवावे लागतील. आधी एक भाग बंद, मग पाटी, मग साखळी. मग सकाळी सहा ते आठ फिरणाऱ्यांसाठी, बाकी वेळ कुलूप. या शहरात बागांचं हे होताना आपण पाहिलं आहे. आज विरारहून, बदलापूरहून किटबॅग खांद्यावर घेऊन दाराच्या लोंबत्या गर्दीतून जो पोरगा इथे उतरतो, त्याला कुणी तिकीट विचारत नाही, कुठला राहणार विचारत नाही. त्याच्यासाठी बैठकीत कुणी बोललं नाही. तो बोलायला येणारही नव्हता, त्या वेळी तो नेटवर असणार.

गवत लावूच नका असं नाही. तुकड्या-तुकड्यानं लावा, एकेका तुकड्याला आळीपाळीनं विसावा द्या, ज्या वाटांवर पाय पडणारच तिथे दाबलेला मुरूम ठेवा. बाबांच्या डोक्यात याचा पूर्ण नकाशा आहे. कुठे पाणी साचतं, पुतळ्याच्या बाजूनं उतार कसा येतो, समुद्राचा वारा कुठल्या महिन्यात कुठल्या कोपऱ्यातली माती आधी उचलतो. तज्ज्ञांनी यंत्रं लावून मोजावं, जरूर मोजावं. बाबांना तज्ज्ञांबद्दल आदरच आहे. त्यांना वाटलं होतं, तज्ज्ञ भेटले की आपण विचारू, ते आपल्याला विचारतील. त्या बैठकीला येताना ते मला म्हणाले होते, "शिकलेली माणसं आहेत, समजून घेतील." परत जाताना दादरच्या पुलावर ते दोनदा थांबले. दम लागला म्हणाले. दिव्यापर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

मला राग आहे तो याचा. तुम्ही त्यांना वाईट काही बोलला नाहीत. त्यांच्या अडतीस वर्षांना तुमच्याकडे खुर्ची नव्हती, एवढंच. रहिवासी, तज्ज्ञ, क्लब, पक्ष, सगळ्यांच्या नावाच्या पाट्या होत्या. जे रोज वाकून ते मैदान हातानं सारखं करतात त्यांच्या नावाची पाटी नव्हती. आजही तिथे सात-आठ माळी असतील, बाबांच्या हाताखाली शिकलेले. त्यांना बैठक आहे हेही माहीत नव्हतं. पुढच्या पन्नास वर्षांचं ठरवताना एकदा पहाटे पाच वाजता या, त्यांच्याबरोबर मैदानाला एक फेरी मारा. बाबांना मी आणते. चालवत नसेल तर टॅक्सीनं आणते.

दुसऱ्या दिवशी शर्ट धुवायला टाकताना खिशात घडी केलेला कागद सापडला. तीन मिनिटांत बसावं म्हणून त्यांनी रात्री बसून लिहिलं होतं, मला न सांगता. सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाचं अक्षर आहे. तुम्ही लेखी मागितलंत, म्हणून त्यातलं जसंच्या तसं उतरवते आहे.

"साहेब नमस्कार. मी मैदानावर माळी होतो. पाणी पहाटे मारावं, दुपारी मारू नये. पाण्यानंतर रोलर त्याच दिवशी. खड्डा भरताना जी माती निघाली तीच भरावी, एक वीत भरली की ठोकावी मग पुढची वीत. मांडव काढल्यावर वीस दिवस ती जागा सोडावी. पावसाआधी मे महिन्यात नवीन माती टाकू नये, वाहून गटारात जाते. ऑक्टोबरात टाकावी. नवीन पोरांना मी शिकवायला येईन, पैसे नकोत. गेट नंबर तीनच्या आत उजव्या हाताला जमीन पोकळ आहे, तिथे ट्रक घालू नये, पूर्वी तिथे आम्ही..."

पुढे कागद घडीवर फाटला आहे. बाबांना विचारलं तर म्हणतात, राहू दे आता.

आपली,
एका माळ्याची मुलगी,
दिवा