भावाचा नवरा आणि जपानी न्यायालये

समलिंगी जोडप्यांना विवाहाचा अधिकार नाकारणे घटनेशी विसंगत असल्याचा निर्वाळा सापोरोच्या जिल्हा न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये दिला. मार्च २०२५ पर्यंत जपानमधील पाच उच्च न्यायालयांनी त्याच दिशेने कौल दिला. नोव्हेंबर २०२५ मध्ये टोकियोच्या उच्च न्यायालयाने मात्र दुसऱ्या एका दाव्यात नेमका उलट निकाल दिला. न्यायालयांच्याही आधी हा प्रश्न सामान्य वाचकाच्या घरात नेला तो गेंगोरो तागामे या चित्रकाराने. आणि त्याची ख्याती होती ती समलिंगी पुरुषांसाठी काढलेल्या कामुक चित्रकथांची!

१९६४ मध्ये जन्मलेल्या तागामेचे नायक धिप्पाड, दाढीधारी, केसाळ. स्त्री वाचकांसाठीच्या मांगामधील नाजूक, देखण्या तरुणांशी त्यांचे काहीच नाते नाही. १९९५ मध्ये ‘जी-मेन’ हे मासिक सुरू करण्यात त्याचा वाटा होता. त्याच्या कथांत बंधन, छळ, मानहानी सारे काही आहे. नंतरच्या लौकिकामुळे त्यावर सोवळे पांघरूण घालण्याचे कारण नाही; त्यानेही ते कधी घातले नाही. उलट, विस्मृतीत गेलेल्या पूर्वसूरींची चित्रे जमवून त्याने जपानी समलिंगी कामचित्रांचा इतिहास ग्रंथरूपात आणला. एरवी हे सारे रद्दीतच गेले असते.

२०१४ ते २०१७ या काळात ‘मंथली अ‍ॅक्शन’ या सर्वसाधारण वाचकांच्या मासिकात त्याची ‘ओतोतो नो ओत्तो’, म्हणजे ‘धाकट्या भावाचा नवरा’, ही मालिका प्रसिद्ध झाली. मुलीला एकट्याने वाढवणाऱ्या याइचीच्या दारात त्याच्या दिवंगत जुळ्या भावाचा कॅनेडियन पती माइक उभा राहतो. पुरुषाचे पुरुषाशी लग्न होते, याचे चिमुकल्या कानाला कोण अप्रूप! अवघडतो तो बाप. याइची कुणाला दुखवत नाही, शिवीगाळ करत नाही. तो फक्त गप्प राहतो. तागामेने बोट ठेवले ते या सभ्य मौनावर. कानाच्या मैत्रिणीची आई मुलीला त्या घरी जाऊ देत नाही, तीही आवाज न चढवता.

अतिसालस माइकमुळे प्रश्न सोपा झाला, हा आक्षेप अगदीच गैरलागू नाही. तरीही या कथेला २०१५ मध्ये जपान मीडिया आर्ट्स महोत्सवाचा, २०१८ मध्ये अमेरिकेतील आयस्नर पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ‘एनएचके’ या सार्वजनिक वाहिनीने तिचे नाट्यरूपांतर प्रसारित केले.